घोडा एकाचा, चंदी दुसऱ्याची

सोन्याची ठेव आणि घोड्याची ठेव यांत मोठा भेद आहे. सोनें पेटींत घालून कुलूप लावलें, कीं ठेवून घेणाराचें काम बहुतेक संपतें. सोनें खात नाहीं, पीत नाहीं, आजारी पडत नाहीं. दहा वर्षांनीं पेटी उघडली तरी तें वजनांत गुंजभरहि उणें भरत नाहीं. घोड्याचें तसें नव्हे. त्याला ठरल्या वेळीं चंदी लागते, वैरण लागते, पाणी लागतें. रोज खरारा करावा लागतो, कांहीं आठवड्यांनीं नालबंदाला बोलवावें लागतें. ठाणावर नुसता उभा ठेवला तर त्याचे पाय धरतात. बेताबाहेर दौडवला तर तो दमानें जातो. शेजारच्या ठाणावरील जनावराचा रोग त्याला जडतो. आणि यांपैकीं कशाचीहि तक्रार त्याला करतां येत नाहीं. म्हणून घोडा एकाचा आणि तबेला दुसऱ्याचा असा प्रसंग आला, कीं धनी व तबेलदार या दोघांमध्यें एक मुका तिसरा उभा राहतो. आणि त्याच्या जिवाची जोखीम कोणाच्या माथीं, या प्रश्नाचा निकाल दोघांनाहि आधींच लावून ठेवावा लागतो.

ज्या देशांत राज्यें घोड्याच्या पाठीवर मिळवलीं गेलीं आणि गमावलींहि गेलीं, त्या देशांत हा प्रश्न केवळ दोन गृहस्थांच्या देवघेवीचा राहिला नाहीं. त्याचें उत्तर राजनीतीच्या ग्रंथांत, राजांच्या आज्ञापत्रांत आणि फौजेच्या हिशेबांत शोधावें लागतें. हें उत्तर काळाबरोबर बदलत गेलें, आणि त्या प्रत्येक बदलाचें बरेंवाईट फळ घोड्याला, स्वाराला आणि पुष्कळ वेळां गरीब रयतेलाहि भोगावें लागलें.

या विषयाचा फार जुना आणि सविस्तर विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आढळतो. शतकानुशतकें लुप्त झालेला हा ग्रंथ म्हैसूरचे पंडित आर. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला. त्यांत अश्वाध्यक्षाच्या कामाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजाच्या अश्वशाळेंतील प्रत्येक घोडा कोठून आला हें प्रथम लिहावें, असें कौटिल्य सांगतो. कोणी विकत घेतलेला, कोणी युद्धांत हातीं लागलेला, कोणी शाळेंतच जन्मलेला, कोणी मित्रराजाकडून साहाय्यासाठीं आलेला, कोणी गहाण पडलेला, तर कोणी कांहीं काळापुरताच ठेवलेला. यांतील शेवटले दोन प्रकार लक्षांत घेण्यासारखे आहेत. हे घोडे खाणार राजाच्या कोठारांतलें, पण मालकी मात्र दुसऱ्याची. म्हणूनच कूळ, वय, रंग आणि अंगावरील खुणा यांसह त्यांची नोंद करण्याचा त्याचा आग्रह आहे. घोडा आला तेव्हां कसा होता हें लिहिलेलें नसेल, तर परत जातांना तो कसा आहे याचा वाद मिटणार कशानें?

नोंदीनंतर जागा. प्रत्येक घोड्याला त्याच्या लांबीइतकी चौरस जागा असावी, खालीं गुळगुळीत फळ्यांची जमीन असावी, चंदीचा कोठा असावा, आणि घाण बाहेर जाण्यास वाट असावी, असें तो सांगतो. घोड्यांची देखरेख करणारानें महिन्याचा शिधा कोठारांतून उचलावा आणि मग त्यांच्या पोषणाची काळजी वाहावी. त्यापुढें येतो दंड. उपचारांत किंवा औषधांत हयगय झाल्यामुळें रोग बळावला, तर उपचाराला जेवढा खर्च येईल त्याच्या दुप्पट दंड. आणि त्या अपराधानें जनावर हातचें गेलें, तर जनावराची किंमत हाच दंड. ज्याच्या हातीं जनावर आहे त्याच्या कसुरीचें मोल ज्याच्या मालकीचें जनावर आहे त्यानें कां भरावें, असा सरळ हिशेब यांत आहे.

हाच हिशेब पुढें अकबर बादशहाच्या तबेल्यांतहि दिसतो. अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत तेथील दंडाचे नियम नोंदले आहेत. खाशा तबेल्यांतील घोडा मेला, तर त्याच्या मूळ किंमतींतील दर मोहरेमागें दारोग्यानें एक रुपया भरावयाचा, आणि साइसांच्या महिन्याच्या पगारांतून चौथा हिस्सा कापला जावयाचा. घोडा कशानें मेला याची चौकशी करीत बसण्यापेक्षां तो मरूं नये अशी सर्वांनाच गरज वाटावी, हा त्यांतला डाव. मात्र या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: कोठार भरलेलें आहे. बादशहाचा दाणा कधीं संपावयाचा नाहीं.

सह्याद्रीच्या कुशींत उभें राहिलेलें नवें राज्य असें गृहीत धरूं शकत नव्हतें. शिवाजी महाराजांच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार होते. एक बारगीर व दुसरा शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारचा, त्याचें ठाण सरकारी पागेंत, आणि त्याची चंदी-वैरणहि सरकारची. बारगिरानें बसावें आणि लढावें. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई, आणि घोड्याच्या पोटाची काळजी त्याची त्यालाच असे. या दोहोंपैकीं महाराजांचा भर पागेवर होता, आणि शिलेदारांनाहि पागेच्या हुकमतीखालीं ठेवण्याची त्यांची रीति होती.

पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पांच हवालदारांचा मिळून एक जुमला. दहा जुमल्यांवर एक हजारी. ही अधिकाराची उतरंड सर्वांस ठाऊक असते. परंतु तिच्याच शेजारीं असलेली एक लहानशी तरतूद सहसा डोळ्यांत भरत नाहीं. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींच्या अभावीं उत्तम घोडाहि चार मुक्कामांत निकामी होतो. हीं कामें ज्याच्या त्याच्यावर सोडलीं, तर तीं कोणाचींच राहत नाहींत. म्हणून पंचवीस घोड्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर त्या कामांचा जबाबदार माणूसच बांधून दिलेला होता.

पावसाळ्यांतील छावणीची व्यवस्थाहि सभासद वर्णितो. पाऊस लागण्यापूर्वीं फौज स्वदेशीं परत येई. तिच्यासाठीं दाणा, वैरण आणि औषधें आधींच सांठवलेलीं असत. घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें तयार असत. दसऱ्याला फौज छावणींतून निघे. निघतांना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई, आणि आठ महिन्यांनीं परत आल्यावर त्या यादीशीं ताडून झाडा घेतला जाई. आला कसा आणि गेला कसा, हें लिहून ठेवण्याचें अर्थशास्त्रांतील तत्त्व येथें स्वाराच्या गांठोड्यापर्यंत येऊन पोहोंचलें होतें.

पण यादी आणि झाडा यांनीं न भागणारी एक अडचण पागेंत होती. तिचें स्वरूप महाराजांच्या एका पत्रांतून स्पष्ट होतें. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे इ. स. १६७४ च्या आगेंमागें, उन्हाळ्याच्या शेवटीं, चिपळूणजवळ हालवर्ण या गांवीं पागेचा मुक्काम होता. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून हें पत्र लिहिलेलें आहे. फौजेच्या मुक्कामांत त्या सुभ्यांतील दाणा आणि वैरण यांचा सांठा खर्च होऊन गेला होता, आणि पुढें सारा पावसाळा उभा होता. कारकुनांकडून व गडांवरून दाणा जमवून तो पागेला पुरविण्यांत आला होता. महाराज बजावतात कीं, आहे तोंवर मन मानेल तसा दाणा आणि गवत उधळाल, तर ऐन पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं. घोडे उपाशी मरूं लागतील, आणि मग ते तुम्हींच मारले असें होईल.

येथवरचा भाग कोणत्याहि दक्ष धन्याला सुचण्यासारखा आहे. पत्राचा खरा मोठेपणा त्यापुढें आहे. दाणा संपल्यावर स्वार काय करतील, हें महाराज ओळखून आहेत. कोणी कुणब्याच्या घरचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकूडफांटा, कोणी भाजीपाला. असें झालें म्हणजे जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेहि गांव सोडून जातील, आणि मोंगलांपेक्षां हेच वाईट असें त्यांना वाटेल. म्हणून जें लागेल तें बाजारांतून पैसा देऊन विकत घ्यावें, रयतेच्या काडीलाहि हात लावूं नये, असा सक्त हुकूम आहे. आगीविषयींची ताकीद तर एखाद्या घरांतील वडील माणसानें द्यावी इतकी बारीक आहे. गवताजवळ चुली पेटवूं नयेत, तंबाखू ओढतांना विस्तव सांभाळावा, आणि रात्रीं दिवा जळत ठेवूं नये. कारण एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग घोड्यांना ना वैरण राहील ना निवारा. एकदां पागा जळून गेल्यावर कोणाला कितीहि कडक शिक्षा केली तरी तिचा उपयोग नाहीं, हें महाराजांनीं स्पष्ट सांगितलें आहे.

या पत्रांत पागेच्या पद्धतीचा सारा पेंच सांपडतो. बारगिरानें घोडा विकत घेतलेला नाहीं आणि दाणाहि विकत घेतलेला नाहीं. घोडा मेला तर त्याचें घर बुडत नाहीं. उद्यां दुसरा घोडा मिळेल असें त्याला वाटतें. दोन्ही वस्तू परक्या असल्या म्हणजे माणूस उधळा होतो. या उधळेपणाला आवर घालण्यास हवालदार आणि कारकून यांचा पहारा लागतो. आणि पहारा ढिला पडला कीं तोटा सरकारच्या कोठारांत थांबत नाहीं, तो शेजारच्या शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोंचतो. घोड्याचा धनी आणि त्याचा सांभाळ करणारा यांच्यांतील जबाबदारी नीट ठरलेली नसली, तर तिचा भार तिसऱ्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतो, हें इतक्या स्वच्छपणें सांगणारे लेख फार थोडे असतील.

शिलेदाराची गोष्ट याच्या अगदीं उलट होती. घोडा त्याचा स्वतःचा; तीच त्याची इस्टेट. वडिलोपार्जित शेताच्या जिवावर किंवा सावकाराकडून कर्ज काढून घेतलेल्या त्या जनावरावर त्याच्या घरच्यांचें पोट अवलंबून असे. स्वतः अर्धपोटीं राहून तो घोड्यापुढें चंदी ठेवील, त्याच्या पाठीवर खरारा फिरविल्याशिवाय झोंपणार नाहीं. उधळेपणाचा प्रश्नच नाहीं. सरकारलाहि हें सोयीचें. तबेले बांधावयास नकोत, मोतद्दार ठेवावयास नकोत, स्वारामागें ठरलेला पगार दिला कीं झालें. महाराजांच्या मागें राज्याचा विस्तार दूरदूर होत गेला, मोहिमा लांबत गेल्या आणि मध्यवर्ती पागेला इतका पसारा सांभाळणें अशक्य झालें, तेव्हां शिलेदारांचा भरणा वाढत गेला यांत नवल नाहीं.

परंतु या पद्धतींतहि एक काळजी दडलेली होती. घोडा रणांत पडला, तर शिलेदाराची चाकरी आणि अब्रू दोन्ही संकटांत येत. स्वतःचा जीव धोक्यांत घालावयास मागेंपुढें न पाहणारा शूर पुरुषहि आपल्या मुलांच्या तोंडचा घांस तोफेच्या तोंडीं देतांना कचरला, तर त्याला भित्रा म्हणतां येणार नाहीं. मोंगलांच्या फौजेंतहि हेंच घडत असे. जेथें नफा सरकारचा आणि नुकसान स्वाराचें, तेथें घोडा लढाईंतून जपला जाणारच. बारगीर घोड्याला जपत नाहीं आणि शिलेदार त्याला फार जपतो, अशा दोन टोंकांमध्यें सेनापतींना काम करून घ्यावें लागे.

या दोन टोंकांमधली वाट काढण्याचा एक प्रयत्न पुढें इंग्रजी अमदानींत झाला, आणि गंमत अशी, कीं त्याचें नांवहि मराठ्यांकडूनच घेतलेलें होतें. इ. स. १८०३ मध्यें शिंद्यांची नोकरी सुटलेल्या जेम्स स्किनरनें कंपनीसाठीं आपलें घोडदळ उभारलें, तें शिलेदारी पद्धतीचें होतें. इ. स. १८१७ मध्यें पुण्याच्या तहानें दुसऱ्या बाजीरावाला ज्या साहाय्यक फौजेचा खर्च सोसावा लागला, तिच्यांतूनच पूना हॉर्स ही प्रसिद्ध पलटण निघाली. तीहि शिलेदारी. इ. स. १८५७ नंतर सैन्याची फेररचना झाली, तेव्हां मद्रासकडील पलटणी सोडल्यास हिंदी घोडदळ बहुतेक सारें याच पद्धतीवर आणण्यांत आलें. ‘सिल्लादार’ असा तिचा उच्चार इंग्रजी कागदपत्रांत रूढ झाला.

या पद्धतींत नोकरीस येणारा स्वार ‘असामी’ म्हणून एक रक्कम भरी. तींतून त्याला घोडा आणि सरंजाम मिळे. नोकरी सोडतांना घोड्याची किंमत त्याला परत मिळे. म्हणजे घोडा त्याचा. परंतु घोडा बांधला जाई पलटणीच्या ठाणावर, आणि रोजची तपासणी पलटणीच्या अधिकाऱ्यांची. चंदीचा खर्च स्वाराच्या पगारांतून. गवत आणण्यासाठीं दोन स्वारांमध्यें मिळून एक घसियारा आणि एक तट्टू. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘चंदा’. दरमहा प्रत्येक स्वाराच्या पगारांतून थोडी रक्कम एका सामाईक फंडांत जमा होई. कोणाचा घोडा त्याच्या दोषावांचून मेला किंवा निकामी ठरला, तर नव्या घोड्याची तरतूद या फंडांतून होई. पण हयगयीनें मेला, तर ती झळ ज्याची त्याला सोसावी लागे. नियमांच्या तपशिलांत पलटणीपलटणींत फरक असे, तत्त्व मात्र एकच होतें. दैवाचा घाला सर्वांनीं वाटून घ्यावयाचा आणि स्वतःच्या कसुराचें प्रायश्चित्त स्वतः घ्यावयाचें.

बारगिराचा उधळेपणा आणि शिलेदाराची धास्ती या दोहोंवर हा उतारा होता. घोडा माझा आहे म्हणून स्वार त्याला जपे. आणि तो रणांत पडला तरी घर बुडणार नाहीं, अशी हमी चंद्यानें त्याला दिलेली असे. शिवाय ज्याचा घोडा वारंवार आजारी पडे, त्याच्याकडे शेजारचे स्वारच डोळे वटारून पाहत. कारण फंड सर्वांचा होता. पहाऱ्याचें काम अधिकाऱ्याइतकेंच सोबत्यांनींहि करावें, हा त्यांतला सर्वांत मोठा लाभ.

शांततेच्या काळांत पन्नासाहून अधिक वर्षें हा गाडा नीट चालला. इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि तो मोडून पडला. पूना हॉर्स व डेक्कन हॉर्स यांसारख्या पलटणी फ्रान्सच्या भूमीवर उतरल्या. तेथें गवत आणावयाला घसियारा आणि तट्टू यांचा काय उपयोग? घोडे इतक्या वेगानें खर्ची पडूं लागले, कीं त्यांची भरपाई करणें सामाईक फंडाच्या आवांक्याबाहेर गेलें. नव्या रंगरुटांनीं असामी भरून घोडा घ्यावा इतका अवसरच नव्हता. अखेर घोडा, खोगीर, हत्यार, दाणा, सारेंच सरकारनें पुरवावें लागलें. युद्धानंतर इ. स. १९२१ च्या सुमारास घोडदळाच्या एकोणचाळीस पलटणींच्या एकवीस करण्यांत आल्या, आणि शिलेदारी पद्धति कायमची बंद झाली. विम्याचा हा प्रकार नित्याच्या आपत्तीपुरता उत्तम होता. सर्वांवर एकदम कोसळणाऱ्या आपत्तीला तो पुरा पडणारा नव्हता. अशा वेळीं भार पेलण्याची शक्ति राज्यावांचून दुसऱ्या कोणाजवळ नसते.

फौजेची ही गोष्ट झाली. तिकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत स्वतःचा घोडा बाळगणारे, पण घराशेजारीं तबेला नसलेले गृहस्थ पुष्कळ होते. त्यांचे घोडे भाड्याच्या तबेल्यांत राहत. तेथें ना हवालदार ना चंदा; धनी आणि तबेलदार यांच्यांत काय ठरलें असेल तेंच खरें. अशा व्यवहाराला आधार मिळाला तो इ. स. १८७२ च्या करारविषयक कायद्यांतील निक्षेपाच्या कलमांचा. आपली वस्तु विशिष्ट कामासाठीं दुसऱ्याच्या हवालीं करणें आणि काम झाल्यावर ती परत घेणें, याला निक्षेप म्हणतात. हा कायदा वाचतांना मौज वाटते, कारण त्यांतील उदाहरणांत घोडा वारंवार डोकावतो.

कायद्यानें दोन्ही पक्षांवर ओझें टाकलें आहे. ठेवून घेणारानें, साधारण शहाणा माणूस अशा परिस्थितींत स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे. तितकी घेतली आणि तरीहि घोडा दगावला, तर वेगळा करार नसल्यास नुकसान धन्याचें. उलट धन्यानेंहि आपल्या वस्तूचा ठाऊक असलेला दोष लपवितां कामा नये. कायद्यांतील उदाहरण असें: एकानें आपला द्वाड घोडा, द्वाड आहे हें माहीत असून, न सांगतां दुसऱ्यास वापरावयास दिला, घोडा उधळला आणि बसणारा पडून जखमी झाला. ही जबाबदारी देणाराची. दुसऱ्या एका उदाहरणांत, स्वतः बसण्यासाठीं म्हणून मागून नेलेला घोडा नेणारानें आपल्या घरच्या माणसाला बसावयास दिला. त्या माणसानें तो जपून चालवला, तरी अपघातानें घोडा पडून दुखावला. येथें भरपाई नेणाराकडून. कारण ठरल्यापलीकडे वस्तु वापरणें हाच त्याचा दोष. ठेवलेल्या गाईला वासरूं झालें, तर गाईबरोबर वासरूंहि धन्याला परत दिलें पाहिजे, असेंहि हा कायदा सांगतो. घोडीच्या शिंगराला तोच न्याय लागू पडतो.

घोड्याचा रोग मात्र दोघांच्या करारापुरता राहत नाहीं. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा सांसर्गिक रोग माणसालाहि होतो. इ. स. १८९९ मध्यें त्याविषयीं स्वतंत्र कायदा झाला, तेव्हां रोगाची वर्दी देण्याचें कर्तव्य धन्यावर आणि ज्याच्या ताब्यांत घोडा आहे त्याच्यावरहि घालण्यांत आलें. तो कायदा पुढें इ. स. २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या सर्वसाधारण कायद्यांत विलीन झाला. दुहेरी कर्तव्य मात्र कायम राहिलें. इ. स. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचीहि दृष्टि हीच आहे. ज्याच्या ताब्यांत किंवा देखरेखीखालीं प्राणी असेल त्यानें त्याच्या सुखाची वाजवी काळजी घ्यावी. आणि धन्यानें देखरेखींत कसूर केल्यामुळें क्रूरपणा घडला असेल, तर तो स्वतः तेथें नव्हता एवढ्यानें त्याची सुटका होत नाहीं.

येथें जुन्या हिशेबांत एक नवी बाब मिळाली. कौटिल्यापासून पलटणीच्या चंद्यापर्यंत सर्व विचार घोड्याच्या किंमतीचा होता. घोडा मेला तर पैसे कोणी भरावे, एवढाच. आतां किंमतीखेरीज त्याच्या क्लेशाचाहि जाब द्यावा लागतो, आणि तो एकट्या तबेलदारालाच नव्हे तर धन्यालाहि.

युद्धांतून घोडा गेला आणि रस्त्यांवरूनहि बहुतेक गेला. शर्यतीच्या मैदानाजवळ, घोडेस्वारीच्या शाळांत आणि हौशी लोकांच्या तबेल्यांत तो आजहि आहे. तेथें घोडा ठेवणाऱ्या धन्यानें आणि ठेवून घेणाऱ्या तबेलदारानें पहिल्याच दिवशीं चार गोष्टी लिहून घ्याव्या. घोडा आला कसा, त्याच्या खोडी कोणत्या, चंदी किती व कोणी द्यावयाची, आणि आजारांत वैद्याला कोणी बोलवावयाचें. यांत नवें असें कांहीं नाहीं. पहिली गोष्ट अर्थशास्त्रांत आहे, दुसरी कराराच्या कायद्यांत, तिसरी पागेच्या व्यवस्थेंत आणि चौथी प्राण्यांविषयींच्या नव्या कायद्यांच्या हेतूंत. इतकें झाल्यावर उरतो तो रात्रीचा दिवा विझविण्याचा प्रश्न. तें काम कागदावर लिहून होत नाहीं. तबेल्यांत जो शेवटीं झोंपतो, त्यानें तें आठवणीनें करावयाचें असतें.